ईसीजीवर 'सेप्टल' छापून आलं तर? हृदयाच्या पडद्याचा रक्तपुरवठा, तपासण्या आणि उपचार

परभणी : ईसीजीच्या पट्टीवर मशीननं छापलेला 'सेप्टल इन्फार्क्ट' हा शब्द वाचून कुणी अटॅक येऊन गेला म्हणून अंथरूण धरतं, तर कुणी पित्त समजून घरीच थांबतं. दोन्ही चूक.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली मांसल भिंत म्हणजे सेप्टम, आपल्या भाषेत पडदा. त्याच्या पुढच्या मोठ्या भागाला एलएडी या डाव्या धमनीच्या फांद्या रक्त देतात, मागच्या भागाला बहुतेकांत उजवी धमनी. जायकवाडीच्या कालव्याला चाऱ्या असतात तसंच हे. एक चारी तुंबली तर तेवढंच शिवार सुकतं, कालवाच वर अडला तर खालचं सगळं. हृदयाचे ठोके चालवणारं वायरिंगही याच पडद्यातून जातं. त्यामुळं इथं रक्त कमी पडलं तर ठोके मंदावू शकतात, काहींना पेसमेकर लागतो.

ईसीजीत पडदा दिसतो तो व्ही-१ आणि व्ही-२ या लीडमध्ये. त्यांची जागा छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, चौथ्या फासळीखालच्या फटीत. घाईत त्या वर चिकटल्या की धडधाकट माणसाच्या पट्टीवरही 'इन्फार्क्ट' येतं. छातीत काहीच त्रास नसेल तर लीड नीट लावून ईसीजी पुन्हा काढायचा, जुन्या पट्टीशी ताडून बघायचा आणि टूडी इको करायचा. इकोत पडदा नीट हलतोय का ते दिसतं.

त्रास होत असेल तर मात्र हिशेब वेगळा. छातीत दाब, हाताकडं किंवा जबड्याकडं जाणारी कळ, दरदरून घाम, दम लागणं यापैकी काही असलं की लगेच १०८ ला फोन. शुगरवाल्यांना कळ न येता नुसता घाम आणि दमही येतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नये, तो थोड्या वेळानं पुन्हा काढतात. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी वाढायलाही काही तास लागतात.

धमनी पूर्ण बंद असेल तर अँजिओप्लास्टी उत्तम, पण ती दोन तासांत होण्यासारखी नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन आधी, मोठ्या दवाखान्याचा रस्ता नंतर. जिंतूर-पालमकडच्या माणसाला हेच जास्त लागू पडतं. इंजेक्शनचा उपयोग बारा तासांच्या आत, त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत खरा. बारीक फांदीच तुंबली असेल तर बहुधा स्टेंट बसत नाही, गोळ्यांवरच भागवतात. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नये. तंबाखू, गुटखा सुटलाच पाहिजे. अटॅकनंतरच्या आठवड्यात अचानक दम वाढला तर पडद्याला छिद्र पडल्याची शक्यता असते, तेव्हा तासाभराचीही वाट बघू नये.

अँजिओप्लास्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवावं आणि जुना ईसीजीसुद्धा. मात्र त्याला लॅमिनेशन करू नये, उष्णतेनं तो कागद काळा पडतो. झेरॉक्स काढावी किंवा मोबाईलमध्ये फोटो ठेवावा.