घरासाठी लाकूड घेताय? स्थानिक झाड कधी फायद्याचं ठरतं?

कोकणातल्या जुन्या घरात अनेकदा तीन-चार झाडांचं लाकूड सापडतं. वाशांना ऐन किंवा किंजळ, चौकटींना साग किंवा फणस. लाकूड आसपासचंच, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं. पर्यावरणपूरक बांधकामात हाच विचार उपयोगी पडतो.

फायदा कसा होतो?
झाड वाढताना हवेतला कार्बन शोषतं. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. खांब किंवा कपाट टिकेल तोवर तो त्यातच राहतो. लाकूड जवळचं असेल तर वाहतुकीचं इंधनही वाचतं. मात्र साग म्हणजे इथलाच, असं नाही. घाना, इक्वेडोरचा सागही भारतात येतो.

कोणतं लाकूड कशासाठी?
- साग: नैसर्गिक तेलामुळे वाळवी आणि पाण्यापुढे टिकतो. दारं-खिडक्यांसाठी उत्तम. बाहेरच्या फिकट भागात मात्र हा गुण नसतो.
- ऐन: जड आणि मजबूत. तुळया, वासे.
- फणस: पिवळसर, काळानुसार गडद होणारं. फर्निचर, देव्हारे, वाद्यं.
- शिवण: हलकं, फारसं वाकत-फुगत नाही. कपाटं, फळ्या.
- आंबा: स्वस्त, पण कीड लवकर लागते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया करून घराच्या आतच वापरावं. पावसात ही रसायनं धुऊन जातात.

चुकतं कुठे?
सुकवण्यात. ओल्या लाकडाचं फर्निचर पुढे आकसतं, वाकतं, तडकतं. ते लवकर फेकावं लागलं, तर झाडही वाया आणि पैसेही. फर्निचरसाठी ओलावा साधारण १० ते १२ टक्क्यांवर आलेला हवा. सुताराकडे ओलावा मोजायचं यंत्र असेल तर तुमच्यासमोर मोजायला सांगा.

स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडता येतं?
परवानगीशिवाय नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, आंबा, फणस, चिंच अशी झाडं आहेत. ती खासगी जमिनीत असली तरी आधी परवानगी घ्यावी लागते. लाकूड विकत घेताना पावती आणि सागासाठी वाहतुकीचा परवाना मागा.

नवं झाड न तोडता?
पाडलेल्या जुन्या वाड्यांचं सागवान बघा. ते पुरतं सुकलेलं असतं आणि त्यासाठी नवी तोड होत नाही. फक्त आतले खिळे आणि पोखरलेला भाग तपासून घ्या.