जुन्या गोव्यातून जॉर्जिया-आर्मेनियाकडे : ख्रिस्ती वारसा यात्रेसाठी माहिती

जॉर्जिया आणि आर्मेनिया हे कॉकेशस पर्वतराजीतील दोन लहान देश. आर्मेनियाचे क्षेत्रफळ तर आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या जेमतेम तिप्पट आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील सहल कंपन्यांच्या जाहिरातींत या देशांची नावे वारंवार दिसू लागली आहेत. थंड हवा, बर्फाच्छादित शिखरे व द्राक्षांचे मळे यांच्या जोडीला ‘प्राचीन चर्च दर्शन’ असाही उल्लेख त्यांत असतो. त्यामुळे आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबे अशा गट-सहलीचा विचार करीत असतील, तर ते स्वाभाविकच होय.

ही चर्चे म्हणजे जगातील दोन अतिप्राचीन ख्रिस्ती राष्ट्रांची देवघरे आहेत, आणि त्यांच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या शेजारच्या गोव्यात येऊन पोहोचला आहे. तो धागा ठाऊक नसेल, तर हजारो रुपये खर्चून केलेला प्रवास छायाचित्रे काढण्यातच संपेल. या दृष्टीने यात्रेकरूंना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्रित करीत आहोत.

राणी केतेवान : जॉर्जियाची रक्तसाक्षी, गोव्याची पाहुणी

पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची केतेवान ही राणी. पती राजे दाविद यांचे १६०२ साली निधन झाले. पुढे इराणचा शाह अब्बास पहिला याने काखेतीवर दडपण आणले. राज्याचे रक्षण व्हावे म्हणून केतेवान ओलीस म्हणून शाहच्या स्वाधीन झाली. तिच्या दोन नातवांनाही ओलीस ठेवण्यात आले व त्यांचा अमानुष छळ झाला. राणीला सुमारे दहा वर्षे शिराझ शहरात बंदिवासात ठेवण्यात आले. ख्रिस्ती श्रद्धेचा त्याग करावा, अशी मागणी शाहने केली. तिने नकार दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या लोखंडी सांडसांनी तिचा छळ करून तिला ठार मारण्यात आले.

त्या वेळी आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जन्मलेल्या जिजाऊ साहेब सव्वीस वर्षांच्या होत्या. साम्राज्यांच्या ओढाताणीत मुलेबाळे, माहेर आणि धर्म सांभाळणाऱ्या राजस्त्रिया त्या काळी कोणत्या दिव्यातून जात, हे बुलडाणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन संघाचे पोर्तुगीज धर्मगुरू कार्यरत होते. राणीच्या मृत्यूनंतर त्यांनी गुप्तपणे तिचे पार्थिव अवशेष मिळवले. त्यांचा एक भाग तिचा पुत्र राजा तैमुराझ याच्याकडे पोहोचवण्यात आला. दुसरा भाग १६२७ साली गोव्यात आणून ऑगस्टिनियन मठातील एका दगडी पेटीत ठेवण्यात आला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केतेवान ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची होती आणि ते धर्मगुरू कॅथलिक होते. रोम व पूर्वेकडील ख्रिस्तसभा यांच्यात त्या काळी मोठी दरी होती. तरीही एका रक्तसाक्षीच्या अस्थी त्यांनी आपल्याच संताच्या मानून जिवापाड जपल्या.

शोध आणि परतभेट

जुन्या गोव्यातील ‘पवित्र टेकडी’वर ऑगस्टिनियनांनी कृपामातेचे भव्य चर्च उभारले होते. ते १६०२ साली पूर्ण झाले. १८३५ साली पोर्तुगीज सरकारच्या आदेशाने धर्मसंघांना गोवा सोडावा लागला. निगराणीविना चर्चचे छत १८४२ साली कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भागही ढासळला. आज उरला आहे तो सुमारे ४६ मीटर उंचीचा लाल जांभ्या दगडाचा मनोरा. ‘संत ऑगस्टिन मनोरा’ या नावाने तो ओळखला जातो. त्याची प्रचंड घंटा पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये आजही आहे.

राणीचे अवशेष मठात कोठे ठेवले होते, याचे वर्णन जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत होते. त्या आधारे जॉर्जियातील अभ्यासक व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी अनेक वर्षे शोध घेतला. २००४ च्या सुमारास चॅप्टर चॅपलच्या परिसरातील उत्खननात अस्थी हाती आल्या. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात त्यांची डीएनए तपासणी झाली. आईकडून मुलांकडे येणारा जो वंशखुणेचा प्रकार एका अस्थीत आढळला, तो भारतीय लोकांत सापडत नाही, मात्र जॉर्जिया व त्याच्या आसपास सापडतो. कागदपत्रे आणि विज्ञान यांची साक्ष अशी जुळली.

२०१७ साली हे अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला नेण्यात आले. तेथील भाविकांनी त्यांचे अपूर्व स्वागत केले. पुढे जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे अवशेषांचा एक भाग भारताच्या वतीने जॉर्जियाला कायमचा भेट दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी आपल्या लोकांत परतली.

२०२४-२५ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी लाखो भाविक जुन्या गोव्यात गेले. बॉम जेझू बॅसिलिकापासून पवित्र टेकडी पायी जाण्याइतकी जवळ आहे. तरी त्यांपैकी किती जण त्या मनोऱ्यापर्यंत चढून गेले असतील? पुढच्या वेळी अवश्य जावे. आपल्या जिल्ह्यातील भाविकांना मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव येथून रेल्वेने मुंबईस व तेथून कोकण रेल्वेने जाता येते. करमळी हे जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे स्थानक होय.

आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या खुणा

जॉर्जियाचा धागा एका राणीमुळे आला. आर्मेनियाचा आला तो व्यापाऱ्यांमुळे. मोगल काळात आर्मेनियन व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास व कोलकाता येथे स्थायिक झाले. सुरतेहून आग्र्याला जाणारा एक प्रमुख मार्ग बुऱ्हाणपूरवरून जात असे, आणि बुऱ्हाणपूर तर आपल्या मलकापूरच्या शेजारचे. सुरतेला कतारगाम भागात डच व आर्मेनियन लोकांची जुनी दफनभूमी आहे. तेथील शिळांवर आर्मेनियन लिपीतील लेख पाहावयास मिळतात. भुसावळवरून सुरतेला थेट रेल्वेमार्ग असल्याने हे स्थळ आपल्याला सोयीचे आहे.

मुंबईच्या फोर्ट भागात संत पेत्र यांच्या नावाचे आर्मेनियन चर्च आहे. त्याची स्थापना १७९६ सालची. कोलकात्याचे ‘पवित्र नाझरेथ’ हे आर्मेनियन चर्च १७२४ सालचे असून ते त्या शहरातील सर्वांत जुने चर्च मानले जाते. वृत्तसेवेत असलेल्या आम्हांस विशेष वाटते ते असे, की आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ हे मद्रासमध्ये निघाले, तेही १७९४ साली, आणि त्याचे संपादक हारुत्युन श्मावोन्यान हे एक धर्मगुरूच होते.

प्रत्यक्ष देशांत काय पाहावे?

*जॉर्जिया.* चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात संत निनो या स्त्रीने येथे सुवार्ता आणली. द्राक्षवेलीच्या फांद्या आपल्या केसांनी बांधून तिने क्रूस केला, अशी परंपरा आहे. म्हणूनच जॉर्जियन क्रूसाचे आडवे हात किंचित खाली झुकलेले दिसतात. म्त्सखेता या जुन्या राजधानीत टेकडीवरचे ज्वारी चर्च व गावातील अकराव्या शतकाचे स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल ही मुख्य स्थाने होत. काखेतीतील अलावेर्दी मठ केतेवान राणीच्या स्मृतीशी निगडित आहे. गोव्याहून सुरू झालेल्या यात्रेचे दुसरे टोक ते हेच. सहलीच्या कार्यक्रमात काखेतीतील द्राक्षमळे असतात आणि अलावेर्दी मात्र वगळलेले असते, असे घडू शकते. आयोजकाकडे त्याची आग्रहाने मागणी करावी.

*आर्मेनिया.* परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये राजा त्रिदात याने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. ज्या खोल अंधारकोठडीत त्याने संत ग्रेगरी यांना वर्षानुवर्षे डांबले होते, ती खोर विराप मठात आजही दाखवतात. समोर अरारात पर्वताचे शिखर दिसते. एचमियाद्झिन हे आर्मेनियन ख्रिस्तसभेचे मुख्य पीठ. गेघार्द मठाचा काही भाग डोंगर कोरून घडवला आहे. अजिंठा ज्यांच्या उंबरठ्यावर आहे, त्या आपल्या भाविकांना ती कारागिरी चटकन ओळखीची वाटेल. येरेवानमधील मातेनादारान येथे प्राचीन हस्तलिखितांचा खजिना आहे. संत मेस्रोप माश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरांची लिपी रचली, ती बायबल मातृभाषेत आणण्यासाठी. राज्य गेले, देश विभागला गेला, तरी त्या लिपीने हा समाज टिकवून धरला.

येरेवानच्या त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवरील स्मारकही चुकवू नये. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या वंशसंहारात दहा ते पंधरा लाख आर्मेनियन बळी पडल्याचे मानले जाते. त्या वर्षी हौतात्म्य पत्करलेले आर्मेनियन कॅथलिक आर्चबिशप इग्नेशियस मालोयान यांना १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत घोषित केले. स्मारकाजवळ हसतखेळत छायाचित्रे घेणे अनुचित होय.

दोन ख्रिस्तसभा, दोन परंपरा

‘सगळे ऑर्थोडॉक्स एकच’ असा समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही. इ. स. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेचा निर्णय आर्मेनियन ख्रिस्तसभेने स्वीकारला नाही. केरळातील सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरा तिच्याच कुटुंबातील आहे. जॉर्जियन ख्रिस्तसभेने तो निर्णय मानला व ती ग्रीक आणि रशियन ख्रिस्तसभांच्या परिवारात राहिली. म्हणजे हे दोन शेजारीही परस्परांशी पूर्ण सहभागितेत नाहीत.

रोमशी त्यांचे संबंधही सारखे नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली जॉर्जियाला व २००१ साली आर्मेनियाला भेट दिली. पोप फ्रान्सिस २०१६ साली दोन्ही देशांत गेले. आर्मेनियात त्यांचे हृद्य स्वागत झाले. जॉर्जियात पॅट्रिआर्कनी त्यांचा सन्मान केला, परंतु पोप महोदयांच्या मिस्साबलीस ऑर्थोडॉक्स प्रतिनिधी मंडळ उपस्थित राहिले नाही. या गोष्टीने मन कष्टी होते. परंतु तिची जाणीव ठेवूनच आपण तेथे पाहुणे म्हणून वावरले पाहिजे.

यात्रेकरूंनी पाळावयाच्या गोष्टी

१. चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकावे व पायघोळ वस्त्र नेसावे. पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. आपल्या भगिनींचा साडीचा पदर येथे उत्तम उपयोगी पडतो.

२. उपासना चालू असल्यास मागे शांत उभे राहावे. वेदीपुढील पवित्र चित्रांच्या भिंतीपलीकडे जाऊ नये. छायाचित्रासाठी परवानगी विचारावी.

३. ऑर्थोडॉक्स उपासनेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी रांगेत उभे राहू नये. तेथील शिस्त तशी आहे व आपली ख्रिस्तसभाही तिचा आदर करण्यास सांगते.

४. रविवारच्या मिस्साची सोय आधीच ठरवावी. तिबिलिसीमध्ये स्वर्गोन्नयन मातेचे कॅथलिक कॅथेड्रल आहे. आर्मेनियात ग्युम्री येथे आर्मेनियन कॅथलिकांचे कॅथेड्रल आहे. आपल्या गटासोबत धर्मगुरू असल्यास त्यांनी स्थानिक कॅथलिक धर्मगुरूंशी पूर्वसंपर्क साधावा.

५. नाताळात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की आर्मेनियन ख्रिस्तसभेचा ख्रिस्तजन्मोत्सव ६ जानेवारीस व जॉर्जियन ख्रिस्तसभेचा ७ जानेवारीस असतो.

६. व्हिसा व सीमेवरील नियम बदलत असतात. पैसे भरण्यापूर्वी दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून खात्री करून घ्यावी. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

मार्गदर्शक कसा असावा?

गट-सहलीचे यश मार्गदर्शकावर अवलंबून असते. आयोजकाला तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक मठात किती वेळ दिला आहे? स्थानिक मार्गदर्शकाचे बोलणे मराठी किंवा हिंदीत कोण समजावून सांगणार? दिवसातून एकदा तरी सर्वांना मिळून प्रार्थनेसाठी अवधी आहे काय? दिवसाला पाच स्थळे धावत पाहण्यापेक्षा दोन स्थळे समजून पाहणे श्रेयस्कर. निघण्यापूर्वी गटाने धर्मग्रामात दोन-तीन वेळा एकत्र बसून हा इतिहास वाचावा, अशी आमची सूचना आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्या धर्मप्रांतातील बहुतेक कुटुंबे शेती, मजुरी व लहान नोकरीवर जगणारी आहेत. कपाशी-सोयाबीनच्या बेभरवशाच्या पिकावर कर्ज काढून कोणीही परदेशी यात्रेला जाऊ नये. कोणतीही तीर्थयात्रा कुटुंबाच्या भाकरीपेक्षा मोठी नाही. ज्यांना तिबिलिसी दूर आहे, त्यांना जुने गोवे जवळ आहे. गावातील दहा-बारा जणांनी मिळून त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबावे, केतेवानची कथा मुलांना सांगावी आणि छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी एक गुलाबमाळ म्हणावी. जॉर्जियन ख्रिस्तसभा तिचा स्मृतिदिन २६ सप्टेंबर रोजी पाळते. त्या दिवशी आपापल्या घरीही हे करता येईल.

परक्या ख्रिस्तसभेच्या एका संत राणीला गोव्याच्या भूमीने जवळजवळ चारशे वर्षे सांभाळले, आणि पुढे तिच्या लेकरांना तिचा वाटा आनंदाने दिला. ख्रिस्तात आपण सर्व एक व्हावे, ही प्रभूची प्रार्थना अद्याप पूर्ण व्हावयाची आहे. जे यात्रेला जातील आणि जे घरीच राहतील, त्या सर्वांनी ती आपली मानावी.