घराजवळची पाखरे व छायाचित्रकार

वन्य प्राण्यांची छायाचित्रे म्हटली की आपल्या मनापुढे ताडोबाचा वाघ किंवा आफ्रिकेतील सिंह उभा राहतो. या कलेच्या आरंभीच्या पावलांपैकी एक मात्र लंडनच्या वेशीजवळ एका लहानशा घरट्यापाशी पडले, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. रिचर्ड व चेरी कीअर्टन हे यॉर्कशर परगण्यातील दोघे बंधू. १८९२ साली चेरीने एका गाणाऱ्या पक्ष्याच्या घरट्याचे, आतील अंड्यांसह, छायाचित्र घेतले; १८९५ साली दोघांचे घरट्यांवरील पुस्तक अशाच चित्रांसह बाहेर पडले. घरटे जागचे हलत नाही; पक्षी माणूस दिसताच उडून जातो. तेव्हा या बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचे कातडे आत पोकळी ठेवून उभे केले आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात बसून चित्रे घेतली. बैल पुजणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती ऐकून हसू येईल, पण पाखरे फसली खरी.

आपल्याकडे १९२७ साली चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. वाघाच्या वाटेवर तार ताणावी, तिला त्याचा पाय लागताच प्रकाश पडून चित्र उठावे, अशी त्याची योजना. वाघाची वाट ठरलेली असते म्हणून ती साधली. अंगणातील पाखरापुढे मात्र बसूनच राहावे लागते. छायाचित्रणाचा नसला तरी अशा बैठकीचा उत्तम दाखला आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या किहीम गावी मिळतो. १९३० साली सलीम अली यांना नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडाचा आडोसा करून ते तासन्‌तास तिच्यापुढे बसले. नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो, व लगेच दुसरीसाठी दुसरे विणावयास घेतो, हा सारा संसार त्यांना तेथे उलगडला. चाकरी असती तर हे घडले असते की नाही, कोण जाणे!

आळंदी हे माझे आजोळ. कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी देहूवरून तेथे येते व पुढे तुळापुरास भीमेला मिळते. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली घेतलेल्या समाधीच्या सोहळ्यासाठी कार्तिक वद्यात वारकरी जमतात, तेव्हा उत्तरेकडील थंड मुलखातून परीट पक्षीही घाटावर आलेले असतात. त्याचे शेपूट क्षणभर स्थिर राहील तर शपथ! एकदा मी पायरीवर पालथा पडून त्याच्यावर कॅमेरा रोखला होता. एक वृद्ध वारकरी जवळ येऊन कळवळ्याने म्हणाले, "माउली, देऊळ तिकडं आहे." परीट उडाला. त्या दिवशीचे सर्वांत चांगले छायाचित्र त्या वारकरीबोवांचेच आले.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. या पट्ट्यात कारखाने आले, वस्ती वाढली, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि मैलापाणी व कारखान्यांचे पाणी नदीत मिसळू लागले. अलीकडील वर्षांत तर घाटाशी पांढरा फेस तरंगताना अनेकांनी पाहिला आहे. अशा पाण्यातही शेकाटे लाल पायांनी डौलात हिंडतात, व चित्र सुंदर येते. त्या सौंदर्यावरून नदीची प्रकृती बरी आहे असा निष्कर्ष काढणारा फसेल, कारण घाण पाण्यातील किड्यांवरही शेकाट्याचे पोट भरते. कवड्या खंड्याचे तसे नाही. पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत राहून खालचा मासा दिसला तरच तो सूर मारतो. त्याला पारदर्शक पाणी हवे.

आजोळच्या पेटीत १९६१ सालचे एक छायाचित्र आहे. मामाच्या मुंजीनंतर सारे कुटुंब घाटावर ओळीने उभे, दृष्टी कॅमेऱ्याकडे. मागे पाण्यावर एका कोपऱ्यात काळापांढरा अस्पष्ट ठिपका दिसतो. भिंगाखाली धरले तर दोन्ही बाजूंना पंखांची धूसर रेघ आहे, आणि खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब. तो कवड्या खंड्याच असावा, असे मला वाटते. खात्रीने सांगवत नाही. मामांना विचारले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले, ओळीतील माणसांची नावे एकेक करून सांगितली, आणि मग म्हणाले, "अरे, पाखराकडे तेव्हा कोण बघत होतं?"