न्यूमेनॉरमधील उपासनास्थळे
न्यूमेनॉरमधील उपासनास्थळे : इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्कीन (1892–1973) यांच्या कल्पित विश्वातील न्यूमेनॉर या बेटावरील, परस्परविरोधी रचनेची दोन स्थाने. बेटाच्या मध्यभागी असलेल्या मेनेल्टार्मा पर्वताच्या माथ्यावर एरू या सृष्टिकर्त्याचे स्थान होते. तेथे छप्पर नव्हते, वेदीही नव्हती आणि वर्षातून तीन वेळा प्रार्थना करणाऱ्या राजाखेरीज कोणी शब्दही उच्चारीत नसे. पुढे बंदी म्हणून आणलेल्या सॉरॉनने राजाचा विश्वास संपादून आर्मेनेलोस या राजधानीत मेल्कोर या अंधःकाराच्या अधिपतीचे मंदिर उभारविले. त्याचा पाया वर्तुळाकार असून व्यास 500 फूट, भिंतींची उंचीही तितकीच आणि तळाशी त्यांची जाडी 50 फूट होती. घुमट चांदीने मढविलेला होता. परंतु मध्यभागी असलेल्या अग्निवेदीचा धूर शिखरावरील झरोक्यातून बाहेर पडत असल्याने ती चांदी लवकरच काळवंडली. या वेदीवर प्रथम निम्लोथ हा पवित्र शुभ्र वृक्ष जाळण्यात आला आणि नंतर मृत्यूपासून सुटका व्हावी म्हणून नरबळी दिले जाऊ लागले. टोल्कीन यांच्या विश्वात उपासनेच्या वास्तू विरळाच आढळतात आणि ज्या मंदिराची मोजमापे त्यांनी इतक्या तपशिलाने दिली ते नेमके भ्रष्ट उपासनेचे असावे, हे लक्षणीय होय. मंदिराचा हा वृत्तांत ‘द सिल्मरिलियन’ (1977) या मरणोत्तर प्रकाशित ग्रंथात आला आहे.