वऱ्हाडातील अक्षररेखन : बोरूपासून फलकापर्यंत

अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरील फलकाने काही वर्षांपूर्वी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेल्या या फलकाला आक्षेप घेण्यात आला होता. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल देताना मराठीसोबत उर्दूचा वापर करण्यास कायद्याची आडकाठी नाही, असे स्पष्ट केले. या वादात भाषेची बाजू सर्वत्र चर्चिली गेली. मात्र फलक हा आधी अक्षरांचा असतो आणि ती अक्षरे कोणीतरी आखलेली, रेखलेली असतात, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. डावीकडून उजवीकडे जाणारी, शिरोरेषेला लटकलेली देवनागरी आणि उजवीकडून डावीकडे उतरत जाणारी नस्तालिक या दोन लिपींना एकाच चौकटीत मानाने बसविणे, हे अक्षररेखनकाराच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम आहे. हे काम कसे चालते आणि वऱ्हाडच्या भूमीत त्याची मुळे किती खोल आहेत, याचा हा परिचय.

सुलेखन, अक्षररेखन आणि मुद्राक्षर

हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत फरक आहे. सुलेखनात अक्षर लिहिले जाते. बोरू किंवा चपट्या टोकाची लेखणी एका ठरावीक कोनात धरून हाताच्या एका ओघात रेघ उमटते आणि तिची जाडी-बारीकता लेखणीच्या टोकावरून ठरते. अक्षररेखनात अक्षर चित्रासारखे रेखाटले जाते. बाह्यरेषा आखायची, खोडायची, पुन्हा आखायची आणि मग आतला भाग भरायचा, अशी त्याची पद्धत. नाटकाचे शीर्षक, दुकानाची पाटी, मासिकाचे नाव, संस्थेचे बोधचिन्ह हे त्याचे क्षेत्र. मुद्राक्षर म्हणजे छपाईचा ठसा किंवा आजचा संगणकीय फॉन्ट. त्यातील प्रत्येक अक्षर इतर कोणत्याही अक्षराशेजारी नीट बसले पाहिजे, अशी अट असते. अक्षररेखनकारावर ती अट नसते. त्याला एकाच शब्दाचा विचार करायचा असतो आणि म्हणूनच त्या शब्दापुरते स्वातंत्र्य घेता येते.

मराठीत या तिन्ही वाटांवर मोठी माणसे होऊन गेली. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी नाटकांच्या जाहिराती आणि नियतकालिकांची शीर्षके रेखून शब्दाचा आशय अक्षरातूनच दाखविण्याची रीत रूढ केली. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी जाहिरात क्षेत्र, मुंबईच्या आयआयटीतील अध्यापन आणि संगणकीय मुद्राक्षरे असा प्रवास केला. विंडोज प्रणालीसोबत घराघरांत पोहोचलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्याच हातचा. अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या अभ्यासातून आपली स्वतंत्र शैली घडविली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

वऱ्हाडची अक्षरपरंपरा

अक्षरकलेचा विषय निघाला की मुंबई-पुण्याची नावे पुढे येतात. परंतु अमरावती-अकोल्याच्या परिसरात अक्षरांचा वारसा अनेक शतकांचा आहे. बार्शीटाकळी येथील प्राचीन मंदिराचा शिलालेख शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ मधील आहे. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ चे कोरीव लेख आहेत. दगडात उठाव देऊन कोरलेली ती अक्षरे आणि भोवतालची नक्षी एकमेकांत अशी मिसळली आहेत, की अक्षर हेच अलंकरण ठरावे.

कागदावरील अक्षराचे मोठे केंद्र होते अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. महानुभाव पंथाच्या या तीर्थस्थानी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'चे संकलन केले. पुढे पंथीयांनी शेकडो वर्षे हाताने नकला करून पोथ्या जपल्या. आपले ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांनी अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी वापरल्या. लिपी ही ठरवून घडविता येते, हे भान त्यामागे आहे. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पोथ्यांतील वळणांचा अभ्यास अक्षररेखनाच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याची संधी त्यामुळे जवळ आली आहे.

तिसरा धागा बाजारपेठेचा. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक असणे १९२५ च्या कायद्याने बंधनकारक झाले. पत्र्यात अक्षरे कापून, त्यावरून रंगाचा बोळा फिरवून ही खूण उमटवीत. पत्र्यातील अक्षराचा आतला भाग गळून पडू नये म्हणून मध्ये छोटे सांधे ठेवावे लागतात. त्यातून एक वेगळेच, तुटक पण ठाशीव अक्षर जन्माला आले. आज 'स्टेन्सिल' शैली म्हणून आरेखनकार तेच वळण हौसेने वापरतात.

कच्च्या आराखड्यापासून अंतिम अक्षरापर्यंत

अक्षररेखनाची प्रक्रिया बाहेरून गूढ वाटते. प्रत्यक्षात ती पायरीपायरीने पुढे जाते.

पहिली पायरी शब्द समजून घेण्याची. शब्दात किती उभ्या रेघा आहेत, कोठे पोट आहे, वर कोठे मात्रा वा वेलांटी येते, खाली उकार लोंबतो का, याची नोंद करायची. देवनागरी शब्दाला तीन मजले असतात. शिरोरेषेच्या वरचा, मधला आणि खालचा. एखाद्या शब्दाचा वरचा मजला रिकामा असेल, तर ती जागा मोकळी ठेवायची की रफार वा मात्रेच्या लफ्फ्याने भरायची, हा निर्णय येथेच सुरू होतो.

दुसरी पायरी छोट्या रेखाटनांची. एकाच कागदावर आगपेटीएवढ्या चौकटी आखून त्यांत पेन्सिलीने वीस-पंचवीस कल्पना झरझर उतरवायच्या. या टप्प्यावर खोडरबर वापरायचा नसतो. फसलेली रेखाटनेही जपून ठेवायची. कारण एकातील शिरोरेषा आणि दुसऱ्यातील वळण एकत्र येऊन तिसरेच अक्षर सापडते.

तिसऱ्या पायरीत निवडलेली दोन-तीन रेखाटने मोठी करून त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवला जातो. प्रत्येक थरावर एकच सुधारणा करायची. एकावर पोटांची गोलाई, दुसऱ्यावर रेघांची जाडी, तिसऱ्यावर अक्षरांमधील मोकळी जागा. सर्वांत अवघड ती मोकळी जागाच. दोन उभ्या रेघा शेजारी आल्या की त्या दाटतात. दोन उघडी अक्षरे शेजारी आली की शब्दाला खिंडार पडते. त्यामुळे पट्टीने मोजलेले समान अंतर डोळ्याला मात्र विषम दिसते.

चौथी पायरी तपासणीची. कागद उलटा धरून पाहणे, आरशात पाहणे, भिंतीला लावून दहा पावले मागे जाणे आणि डोळे किलकिले करून पाहणे या जुन्या युक्त्या आजही तितक्याच उपयोगी पडतात. शब्द वाचता येईनासा झाला, की केवळ आकार दिसू लागतात आणि दोष उघडे पडतात. त्यानंतर शाई, मग स्कॅनिंग आणि शेवटी संगणकावर वक्ररेषांत रूपांतर. कागदावर न सुटलेला प्रश्न संगणकावर सहसा सुटत नाही, हा या व्यवसायातील अनुभव आहे.

तीन शब्द, तीन प्रश्न

या भागातील तीन नावे सरावाला घेतली, तर देवनागरीचे बहुतेक प्रश्न समोर येतात.

'वऱ्हाड' या शब्दात मराठीची खास ओळख असलेला अर्धा र आहे. हा र हिंदीत आढळत नाही. डोळ्याच्या पापणीसारखी ही रेघ 'ह'ला कोठे जोडायची, ती किती लांब ठेवायची, यावर सारा तोल अवलंबून. शेवटचा 'ड' खाली मोकळा सुटतो. त्यामुळे आधीचा काना आणि 'ड' यांतील अंतर थोडे कमी केले नाही, तर शब्दाचे शेवटचे अक्षर वेगळे पडते.

'अमरावती'त सहा पूर्ण उभ्या रेघा आहेत. अ, म आणि व यांच्या प्रत्येकी एक, 'रा'चा काना आणि 'ती'च्या दोन. हा शब्द खांबांच्या ओळीसारखा उभा राहतो. सर्व खांब एकाच जाडीचे ठेवले तर तो कुंपणासारखा दिसतो. वेलांटीची कमान थोडी मागे, 'व'च्या डोक्यापर्यंत खेचली, तर रुक्षपणा जातो.

'अकोला'त प्रश्न 'ल'चा. मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि हिंदीचा दंडयुक्त 'ल' या दोन निरनिराळ्या आकृती आहेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरविले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही आकृतींना संकेतांक एकच. त्यामुळे कोणती आकृती उमटणार हे फॉन्टवर अवलंबून असते आणि अनेक संगणकांवर आपोआप हिंदी वळण येते. हाताने रेखणाऱ्याला ही अडचण नाही. त्याला फक्त आपले वळण ठाऊक असावे लागते.

पाटीचे अक्षर

डिजिटल फ्लेक्स येण्यापूर्वी शहरातील दुकाने, सिनेमागृहे, ट्रक, बियाणे-खतांच्या जाहिरातींच्या भिंती, निवडणुकीच्या घोषणा हे सारे पेंटरच्या हाताचे काम होते. सुताला खडू लावून भिंतीवर रेघ उमटवायची, दोन रेघांमध्ये खडूनेच अक्षरे मांडून पाहायची, लांबून अंदाज घ्यायचा आणि मग चपट्या ब्रशने ऑइल पेंटमध्ये ती उतरवायची. आधी उजेडाचा रंग, मग बाजूची सावली. कला महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या अनेकांना अवकाशाचे गणित या सरावातूनच अवगत झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स स्वस्त झाला, एका रात्रीत पाटी मिळू लागली आणि हे काम झपाट्याने ओसरले.

त्याचा परिणाम अक्षरावर झाला. जागा कमी पडली की फॉन्ट आडवा दाबायचा, जास्त असली की ताणायचा, ही सवय लागली. ताणलेल्या अक्षरात उभ्या रेघा अकारण जाड होतात आणि आडवी शिरोरेषा मात्र तशीच राहते. पेंटर जागेनुसार अक्षराची मांडणीच बदलत असे. रेघेची जाडी तो हातची जाऊ देत नसे. मात्रा आणि उकार यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा अधिक उंची लागते, हेही पाटी करताना विसरले जाते आणि मराठी नाव इंग्रजीच्या बरोबरीने लिहूनही बारीक दिसते.

हा मुद्दा आता केवळ सौंदर्याचा राहिलेला नाही. राज्यातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर देवनागरी लिपीतील मराठी नाव आरंभी असणे आणि त्याचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. कायदा अक्षराची उंची ठरवू शकतो. ते वाचनीय, प्रमाणबद्ध आणि आपल्या वळणाचे असावे, ही जबाबदारी मात्र ते रेखणाऱ्याची आणि करवून घेणाऱ्याची आहे.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांमुळे भूमितीच्या जोडीने अक्षरलेखनाची ओळख शाळेतच होते. तेथून पुढे जाण्यास महागडे साहित्य लागत नाही. तिरपा काप दिलेला बोरू, शाई, चौकटीची वही आणि एक चांगला कित्ता पुरेसा आहे. बोरूच्या टोकाच्या रुंदीच्या साधारण पाचपट उंचीची अक्षरे सरावासाठी सोयीची पडतात. रोमन सुलेखनात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते; देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. म्हणून इंग्रजी सुलेखनाची तयार निब देवनागरीसाठी तशीच चालत नाही. तिचा काप उलटा हवा.

त्यासोबत जुन्या पाट्यांची छायाचित्रे टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. अमरावतीचा जवाहर गेट परिसर असो वा अकोल्याची जुनी बाजारपेठ. जेथे रंगविलेली एखादी पाटी अजून तग धरून आहे, तेथे एका अनामिक हाताचा धडा भिंतीवर लिहिलेला आहे. पुढच्या रंगरंगोटीत तो पुसला जाण्याआधी त्याची नोंद झाली, तर वऱ्हाडच्या अक्षरांचा इतिहास लिहिणाऱ्याला निदान आधार तरी मिळेल.