नाव छ्येनलुंगचे, नाणे कोणत्या काळचे?

चौकोनी छिद्राच्या या चिनी नाण्यावरील चार अक्षरे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या क्रमाने वाचावीत. ‘छ्येनलुंग थुंगपाओ’ असे जुळले, तर छिंग घराण्यातील छ्येनलुंग सम्राटाचा काळ (१७३६-१७९६) डोळ्यांसमोर येतो. मागील बाजूची मांचू लिपी टाकसाळ सांगते, आणि खरी मेख तिथेच आहे. शिनच्यांगमधील टाकसाळींनी हा सम्राट निवर्तल्यानंतरही, शासनाच्याच आज्ञेने, त्याच्या नावाची नाणी ओतली. तांबे अधिक असल्याने ती लालसर दिसतात. त्यांना बनावट म्हणणे अन्यायाचे. ती अस्सलच, केवळ उत्तरकालीन.

बनावट ओळखायचे तर आधी कड पाहावी. ही नाणी ठशाने पाडलेली नसत, साच्यात ओतलेली असत. मग चौकोनी सळईत ओवून त्यांच्या कडा कानशीने घासत. भिंगाखाली त्या बारीक रेषा दिसल्या, तर पुरावा अनुकूल. पितळी म्हणवणारे नाणे लोहचुंबकाला चिकटले, तर मात्र प्रश्नच मिटला. हिरव्या गंजाला मी फारसे महत्त्व देत नाही. तो रसायनाने हवा तसा चढवता येतो. तरीही नाणे चिंचेने घासू नये. गंजाबरोबर कानशीच्या रेषाही पुसट होतात.