रुळावर येणे

नातवाच्या वहीत प्रश्न होता, ‘विरुद्धार्थी वाक्प्रचार लिहा : रुळावर येणे.’ पुढे बोटभर रिकामी जागा. मी सुरू केले, घसरणे, भरकटणे, बहकणे, वाहवत जाणे, ताळ सोडणे, वाया जाणे, कामातून जाणे... तो म्हणाला, “आजोबा, एकच मार्क आहे.”

परत येण्याला आपल्याकडे शब्द मोजके, बिघडण्याला मात्र रग्गड. बरे, आहेत तेही भरवशाचे नाहीत. मार्ग आणि वाट एकच ना? पण मुलगा मार्गी लागला की आपण पेढे वाटतो आणि त्याची वाट लागली की तोंड लपवतो. ज्या वळणावर गाडी घसरते, तेच वळण पोराला लागावे म्हणून आमचे मास्तर छडी उगारीत.

रुळांची भानगड त्या मानाने अलीकडची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. त्याआधी कोण कशावरून घसरणार? आमच्या बाजूला तर कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत १९०६ साली रूळ पडले ते माणसांसाठी नव्हेतच, मुंबईचा कचरा वाहून न्यायला. उतारू बसले १९२४ साली. म्हणजे शहराला नकोसे झालेले आधी आले, आम्ही मागाहून. पुढे गाडी मानखुर्दपर्यंत आली आणि थांबली. १९९२ पर्यंत हे शेवटचे स्टेशन होते आणि त्याचा एक मोठा फायदा होता, चुकायची सोयच नव्हती! खुशाल घोरत पडा, गाडी घरी आणून सोडी.

याचा सगळ्यात जास्त फायदा आमच्या दादाने घेतला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तोही. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. दादाही कामावर परत गेला नाही. आधी पत्ते, मग बाटली. अप्पांनी त्याच्याशी बोलणे टाकले. रात्री तो शेवटच्या गाडीने झोपून येई, झाडूवाला त्याला उठवी. आई म्हणे, “शेवटचं ठेसन हाये, जातोय कुठं?”

१९९२ च्या मे महिन्यात गाडी खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली. सारे मानखुर्द खूश, आई सोडून. पहिल्याच आठवड्यात दादा वाशीला जागा झाला आणि पहाटे परतला.

त्या रात्री अप्पा न बोलता चपला घालून स्टेशनवर गेले. गाडी थांबते अर्धा मिनिट, डबे नऊ, अप्पा अडुसष्ट वर्षांचे. खिडक्यांतून डोकावत तिसऱ्या डब्यापर्यंत पोचले तोच गाडी हलली. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, “त्याला सांग, पुढच्या डब्यात बसत जा म्हणावं.” दादा समोरच बसला होता. दहा वर्षांतले त्याच्यासाठीचे हे पहिले वाक्य.

दादा पुढच्या डब्यात बसू लागला. पण बाप फलाटावर उभा आहे म्हटल्यावर झोप कुणाला येते? महिन्या-दोन महिन्यांत शेवटची गाडी सुटली, आठ-चाळीसची सुरू झाली. बाटली सुटली म्हणाल तर नाही, रविवारी असेच. आठ-चाळीसला उठवायची गरज नव्हती, तरी अप्पा जात. पुढे अप्पा, वीस पावले मागे दादा, हातात भाजीची पिशवी. असे दोघे येत. बोलत नसत.

नातवाने ‘रुळावरून घसरणे’ लिहिले. मार्क मिळाला.